पडदा पुष्पक एक्स्प्रेसची वाट पाहत नाही

लखनौच्या मराठी घरांत एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं: "मुंबईला गेल्यावर आपल्या डॉक्टरांना दाखवू." गुडघा दुखो, दाढ ठणको, नाहीतर मुलीच्या चष्म्याचा नंबर वाढो, उत्तर एकच. दिवाळीची सुट्टी लागली की चारबागला पुष्पक एक्स्प्रेस पकडायची आणि दुसऱ्या दिवशी दादरला नाहीतर ठाण्याला उतरून ओळखीच्या दवाखान्याची पायरी चढायची. गुडघ्याचं यात फारसं बिघडत नाही. डोळ्याचा पडदा मात्र फाटला तर तो दिवाळीपर्यंत थांबत नाही, पुढच्या रविवारपर्यंतसुद्धा थांबत नाही. म्हणून लखनौकर मराठी मंडळींनो, आणि हा लेख पुण्या-नागपुरात बसून वाचणाऱ्यांनो, ज्यांच्या घरात कुणाच्याही चष्म्याचा नंबर उणे सहा किंवा त्याहून जास्त आहे, त्यांनी आता जागं व्हायची वेळ आली आहे.

जाड भिंगाचा चष्मा म्हणजे फक्त जाड भिंगाचा चष्मा, हा आपला मोठा गैरसमज. नंबर काचेवर लिहिलेला असतो, पण तो जन्मतो डोळ्याच्या लांबीतून. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या डोळ्याची लांबी सुमारे १७ मिलिमीटर असते. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटरवर थांबतो. काहींचा थांबत नाही. त्यापुढे प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच ते तीन नंबर चढतो, आणि लांबी २६च्या वर गेली की डॉक्टर त्याला तीव्र लघुदृष्टी म्हणतात. डोळा लांबतो तेव्हा आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, त्या प्रमाणात नव्यानं तयार होत नाही. तेवढ्याच कणकेची पोळी आणखी मोठी लाटत गेलं की ती जशी पातळ होते आणि कुठेतरी विरते, तसंच इथे होतं. काही डोळ्यांत मागची भिंतच बाहेर फुगते. इटालियन शरीरशास्त्रज्ञ स्कार्पा यानं हा फुगवटा १८०१ साली वर्णन करून ठेवला. जिवंत माणसाच्या डोळ्यात डोकावून पाहण्याचं यंत्र हेल्महोल्ट्झनं १८५१ साली बनवलं, त्याच्याही अर्धशतक आधी. त्यामुळे हे ज्ञान नवं नाही. नवं आहे ते आपलं दुर्लक्ष, कारण आज यंत्रंही आहेत, डॉक्टरही आहेत, आणि तरीही आपण चष्म्याच्या दुकानातून नंबर काढून घरी येतो.

ताणलेल्या पडद्याचं नेमकं काय होतं, ते एकदा नीट समजून घेऊ. संकटं दोन बाजूंनी येतात. पहिलं कडेनं. पडद्याच्या कडेचा भाग विरळ होतो, त्यावर जाळीसारखे पातळ पट्टे तयार होतात. डोळ्याच्या पोकळीतला पारदर्शक जेल वयानुसार आकसतो आणि पडद्यापासून सुटतो. जास्त नंबरच्या डोळ्यात हे इतरांपेक्षा लवकर घडतं. सुटताना त्यानं पातळ पडद्याला ओढ दिली की भोक पडतं, भोकातून द्रव पडद्यामागे शिरतो आणि पडदा भिंतीपासून सुटू लागतो. यालाच आपण पडदा सरकणं म्हणतो. लखनौत "पर्दा फट गया" म्हणतात. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की उणे तीनपेक्षा जास्त नंबर असलेल्यांत पडदा सरकण्याचा धोका नंबर नसलेल्यांच्या सुमारे दहापट असतो. घाबरून जायचं कारण नाही. जास्त नंबरच्या बहुतेकांचा पडदा जन्मभर जागेवर राहतो. पण दहापट म्हणजे दहापट. लिफ्टच्या दोरीबद्दल कुणी आपल्याला असं सांगितलं असतं, तर आपण जिन्यानं गेलो असतो.

दुसरं संकट मध्यावर येतं, आणि ते जास्त दगाबाज. पडद्याचा मध्य, ज्याला डॉक्टर मॅक्युला म्हणतात, त्याच्यावर आपलं वाचणं, शिवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळं अवलंबून असतं. ताणामुळे तिथल्या खालच्या थराला तडे जातात. कधी त्या तड्यांतून नको असलेल्या नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि पाझरतात. तेव्हा सरळ ओळ वाकडी दिसते, दाराची चौकट पोटात गेल्यासारखी दिसते, अक्षराच्या मधोमध डाग पडतो. कधी काहीच न होता पडदा हळूहळू विरत जातो. जपानच्या ताजिमी शहरातल्या मोठ्या पाहणीत एका डोळ्याच्या अंधत्वाचं पहिलं कारण लघुदृष्टीमुळे झालेला मॅक्युलाचा ऱ्हास हेच निघालं. मधुमेह नाही, काचबिंदू नाही; ज्याला आपण "नुसता नंबर" म्हणतो, तो. आणि हा ऱ्हास उणे सहाला अचानक सुरू होत नाही. नंबर एकानं वाढला की मॅक्युलाच्या या आजाराचा धोका सुमारे ६७ टक्क्यांनी वाढतो, असा हिशेब २०१९ साली मांडला गेला. मुलाचा नंबर पाचवरून सहावर गेला तेव्हा "एकच तर वाढला" म्हणणाऱ्या बापानं हे दोनदा वाचावं.

आता आपल्या घरातल्या लपवाछपवीकडे येतो, कारण खरा आजार तिथे आहे. स्थळ बघताना चष्म्याची चौकशी होते, म्हणून मुली लेन्स लावून चहा-पोहे घेऊन येतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे लग्नाआधी लेझर. लेझर करायला माझा विरोध नाही, ज्याचा त्याचा प्रश्न. पण लेझर होतो डोळ्याच्या पुढच्या काचेवर, कॉर्नियावर. डोळ्याची लांबी एका केसानंही कमी होत नाही. मागचा पडदा होता तेवढाच ताणलेला राहतो. फरक एवढाच पडतो की आता चष्मा नाही, म्हणून आठवणही नाही. "माझा नंबर गेला" म्हणणारी मुलगी पुढं नेत्रतज्ज्ञाकडे फिरकत नाही, आणि सासरच्यांना तर काही माहीतच नसतं. हाच प्रकार साठीनंतर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत होतो. आतलं भिंग बदललं, उणे दहाचा नंबर जवळजवळ शून्यावर आला, आजोबा चष्म्याशिवाय टीव्ही बघू लागले, घरात पेढे वाटले. डोळा मात्र लांबचा लांबच. उलट अशा डोळ्यात मोतीबिंदू काढल्यानंतर पडद्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. नंबर गेला तरी लांबी जात नाही, ही ओळ फ्रीजवर चिकटवून ठेवण्याच्या लायकीची आहे.

आणखी एक भीती आपल्या बायकांच्या मानगुटीवर बसलेली आहे. जास्त नंबर असेल तर बाळंतपणात कळा देताना पडदा सरकेल, म्हणून सिझेरियनच करा, हा सल्ला अजूनही दिला जातो. आजवरच्या पाहण्यांत याला आधार सापडलेला नाही. गरोदरपणात पडदा एकदा तपासून घ्यावा, बाळंतपण कसं करायचं ते प्रसूतितज्ज्ञ ठरवतील. डोळ्याच्या नंबरावरून पोटावर टाके घालायचं कारण नाही.

लखनौत राहून चिकनकारीबद्दल न बोलणं शक्य नाही, आणि इथे तर ते बोलायलाच हवं. या शहराच्या चौक भागात, काकोरीत, मलिहाबादेकडे हजारो बायका घरात बसून पांढऱ्या कपड्यावर पांढऱ्या दोऱ्यानं मुर्री आणि फंदा हे टाके काढतात. तांदळाच्या दाण्याएवढा टाका, आणि काही टाके त्याहून बारीक. या कामामुळेच नंबर वाढतो असा माझा दावा नाही. माझा मुद्दा उलटा आहे. उणे दहा नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय दहा सेंटिमीटरवरचं लख्ख दिसतं. म्हणजे जिला फळ्यावरचं काही दिसत नाही, तिला नाकाशी धरलेला टाका इतरांपेक्षा स्वच्छ दिसतो. घरचे म्हणतात, काय नजर आहे पोरीची, सुईत दोरा एका झटक्यात ओवते! ती शाळा सोडून कामाला बसते, आणि तिच्या डोळ्यात कधीच कुणी डोकावत नाही. ही गोष्ट एकट्या लखनौची नाही. येवल्याच्या पैठणीच्या मागावर, पुण्या-कोल्हापुरात सोनाराच्या मांडीवर, जिथे बारीक काम चालतं तिथे जवळची नजर चांगली असणं हा गुण ठरतो आणि दूरची नजर गेलेली असणं कुणाच्या लक्षात येत नाही. चिकनला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कारागिरांच्या पडद्याची नोंद कुठे आहे? चिकनच्या साड्या आणि कुर्ते घेणाऱ्या मराठी बायकांनी हा प्रश्न विचारायला सुरुवात करावी. दुकानदाराला विचारा, कामाच्या बायकांचे डोळे कधी तपासले? उत्तर नाही मिळालं तरी चालेल. पुढच्या वेळी ते तयार ठेवतील.

आता मुलं. लखनौतली मराठी वस्ती काही प्रमाणात अभ्यासाच्या वळणानं इथे आली. १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंड्यांच्या पुढाकारानं इथे संगीताचं मॅरिस कॉलेज सुरू झालं, पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर त्याचे प्राचार्य झाले. नंतर केंद्रीय औषध संशोधन संस्था आली, रेल्वेची आरडीएसओ ही संशोधन संस्था आली. त्या कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या आज इथल्या शाळांत आणि शहरातल्याच कपूरथला भागातल्या कोचिंगच्या गल्लीत आहेत. विद्यार्थिसंख्येमुळे गिनीज बुकात नाव गेलेली सिटी माँटेसरी शाळाही याच शहरातली. मुलं हुशार आहेत, यात शंका नाही. पण दिल्लीच्या शाळांत केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या पाहणीत ५ ते १५ वर्षांच्या १३.१ टक्के मुलांना लघुदृष्टी निघाली. त्याआधी २००२ साली दिल्लीतल्याच एका पाहणीत हा आकडा ७.४ होता. खासगी शाळांत प्रमाण जास्त, दिवसाला पाच तासांहून जास्त वाचणाऱ्यांत जास्त, आणि आठवड्याला चौदा तासांहून जास्त वेळ बाहेर असणाऱ्यांत कमी. चौदा तास म्हणजे दिवसाला दोन तास. जगभराचा अंदाज असा की २०५० साली निम्मी मानवजात लघुदृष्टीची असेल आणि दर दहांतला जवळपास एक तीव्र नंबरचा.

हे थांबवता येतं का? थोडं येतं, आणि थोडं खूप असतं. चीनच्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज चाळीस मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. तैवाननं २०१०पासून रोज दोन तास बाहेर, हे शाळांचं धोरणच केलं. इथे धावणं महत्त्वाचं नाही, उजेड महत्त्वाचा. घरात ट्यूबलाइटखाली तीन-चारशे लक्स उजेड असतो, झाडाच्या सावलीत काही हजार, उघड्या उन्हात लाखाच्या घरात. या उजेडानं पडद्यात डोपामिन स्रवतं आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालतं, असं आज मानलं जातं. त्यामुळे मे महिन्यात लखनौच्या लूमध्ये मुलांना दुपारी उन्हात उभं करायची मुळीच गरज नाही. सकाळी सात ते नऊ जनेश्वर मिश्र पार्कातल्या झाडाखाली बसून डबा खाल्ला तरी काम होतं. होमवर्क तिथे करा, पाढे तिथे म्हणा. मोबाइल मात्र घरी.

आणि कृपा करून मुलाला मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊ नका. "पूर्ण नंबर दिला तर डोळा आळशी होतो" ही समजूत आपल्या आजीपासून काही चष्मेवाल्यांपर्यंत सगळ्यांत पसरलेली आहे. मलेशियात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर पूर्ण नंबरच्या मुलांपेक्षा वेगानं वाढला. नंबरवाढ मंदावणारे कमी तीव्रतेचे ॲट्रोपिनचे थेंब आणि खास काचा आता भारतात मिळतात, पण ते नेत्रतज्ज्ञानं लिहून द्यायचे असतात, शेजारच्या काकूंनी नाही.

मोठ्यांसाठी तातडीच्या या खुणा ध्यानात ठेवा. डोळ्यांपुढे अचानक काजवे किंवा विजेसारखे झोत चमकू लागले, काळ्या माशा किंवा काजळीसारखे ठिपके एकदम वाढले, एका बाजूनं सावली किंवा पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी पडद्याचा डॉक्टर. पित्त झालं असेल, उष्णता वाढली असेल, झोप झाली नसेल, हे सगळे विचार दवाखान्याच्या वाटेत करा. पडदा फक्त फाटला असेल तर लेझरनं बाहेरच्या बाहेर वेल्ड करता येतो, बऱ्याचदा अर्ध्या तासात. पडदा सुटू लागला आणि मध्य अजून सुटलेला नाही, तर शस्त्रक्रियेनं नजर बऱ्यापैकी वाचते. मध्य सुटला आणि दिवस गेले, तर पडदा चिकटवता येतो, पण गेलेली बारीक नजर पूर्ण परत येईल याची खात्री नाही. शंभर वर्षांपूर्वी हा आजार म्हणजे निकालच होता. स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये जूल गोनँ यानं १९२०च्या सुमारास सिद्ध केलं की सगळ्या संकटाचं मूळ ते भोक आहे आणि ते बंद केलं की पडदा बसतो. त्या काळातले कितीतरी नामवंत डॉक्टर त्याच्यावर हसले होते. आज ती शस्त्रक्रिया लखनौत होते. किंग जॉर्ज मेडिकल विद्यापीठात (केजीएमयू) नेत्रविभाग आहे, संजय गांधी पीजीआयमध्येही आहे, खासगी पडदातज्ज्ञ आहेत. मग चोवीस तासांचा प्रवास करून दादरला जाण्याचा हट्ट कशासाठी? शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा फुगा सोडला असेल तर परतताना विमानात तर बसताच येत नाही, कारण उंचीवर तो फुगतो. म्हणजे तुमचा डॉक्टर लखनौचाच असू द्या, आणि तो आजच शोधून ठेवा. काळजीची वेळ येईल तेव्हा फोन नंबर शोधायला बसू नये.

मॅक्युलाची तपासणी घरीही करता येते. पोरांची चौकटीची वही घ्या, गणिताची. एक डोळा झाकून, चष्मा लावून, पानाच्या मधोमध काढलेल्या ठिपक्याकडे बघा. रेषा कुठे वाकल्या, कुठे गायब झाल्या, तर दुसऱ्या डोळ्याकडे वळण्याआधीच फोन उचला. दोन्ही डोळे उघडे ठेवून ही तपासणी करू नका. एक डोळा दुसऱ्याची चोरी झाकतो, महिनोन्महिने झाकतो. पाझरणाऱ्या रक्तवाहिन्यांवर आज डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, आणि २०१५पासून त्यातल्या एका महागड्या औषधाचं भारतात बनलेलं स्वस्त रूपही मिळतं. पण ती लवकर दिली तरच उपयोगी.

आता मंडळांसाठी. १९१६ साली लोकमान्य टिळक काँग्रेसच्या अधिवेशनाला याच शहरात आले होते. त्यांनी सार्वजनिक केलेला गणपती लखनौतही बसतो. यंदा मंडपात एक दिवस पडद्याचा ठेवा. भाषणं नकोत. एका नेत्रतज्ज्ञाला बोलवा, आणि ज्यांचा नंबर उणे सहाच्या वर आहे अशांची यादी करा, घरोघरी फिरून. कुणाच्या मुलीचा नंबर यादीत आला म्हणून लग्न मोडत असेल, तर ते मोडलेलं बरं. यादीतल्या प्रत्येकाची बाहुली थेंब टाकून मोठी करून, कडेपर्यंतचा पडदा तपासून घ्या. सरकारी अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालतो, शाळेत डोळे तपासून गरजू मुलांना मोफत चष्मे देतो, ते चांगलंच आहे. पण मुलाला उणे सातचा चष्मा दिला की फाइल बंद होते. शाळेला पत्र लिहा: अशा प्रत्येक मुलाची चिठ्ठी पडद्याच्या डॉक्टरकडे जाऊ द्या, आणि मधली सुट्टी वर्गात नाही, मैदानात होऊ द्या. पत्रावर वीस पालकांच्या सह्या असतील तर मुख्याध्यापक वाचतात.

बाकीचं तुमच्या हातात. बाहुली मोठी केली की चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो, म्हणून स्कूटर घरी ठेवा, हजरतगंजच्या खरेदीचा बेत त्या दिवशी नको. काळा चष्मा घ्या, सोबत कुणीतरी न्या. नंबरचे जुने कागद सापडतील तेवढे सगळे घेऊन जा, अगदी शाळेतल्या पहिल्या चष्म्याचासुद्धा. लेझर झाला असेल तर लेझरच्या आधीचा नंबर आवर्जून सांगा, विचारलं नाही तरी.